मधलं कार्ड

तीन भावांत मी मधला.
थोरल्याची पँट आखूड करून मला यायची,
धाकट्याला थेट नवी.
तेव्हा मधल्या वस्तूचं मला कुणी शिकवायला नको.

वजनकाट्यावर नोकरी आहे, जालन्याच्या एमआयडीसीत.
भंगाराचा ट्रक भरून आत येतो, रिकामा बाहेर जातो,
भरल्यातून रिकामं वजा केलं की माल.
अकरा महिने मी पगारातून घर वजा करत आलो,
उरले एकतीस हजार चारशे.

सिंधी बाजारात, जिन्याखालच्या दुकानात
मुजीबभाईंनी तीन डबे काचेवर मांडले,
आडत्या मोसंबीचे तीन ढीग लावतो तसे.
डावीकडचं आठ जीबी.
"ये आज चलेगा. कल का मैं बोल नै सकता."
उजवीकडच्याची किंमत ऐकून
मी त्याच्या डब्याला नुसता हात लावला.
मधलं बारा जीबी, दोन पंखे, बत्तीस हजार.
आणि काउंटरखाली, टॉवेलात गुंडाळलेलं चौथं,
पुण्याहून आलेलं, दोन वर्षं रात्रंदिवस नाणी खणलेलं,
मधल्यापेक्षा तगडं, अठरा हजारात.

मी त्याचा वास घेतला.
आठ वर्षं भंगार मोजलं की
जळालेलं तांबं नाकाला कळतं.
मुजीबभाई काही बोलले नाहीत,
टॉवेल परत गुंडाळला,
जरा हळूच, आजारी माणसावर घालावा तसा.

"पॉवर सप्लाय कितीचा?"
साडेपाचशेचा.
"फिर बडे का नाम छोडो."
संध्याकाळी भट्ट्या लागल्या की
आमच्या गल्लीतला बल्ब हळदीसारखा पिवळा होतो.
स्टॅबिलायझर टकटक वाजतो, सासू दार वाजवते तसा.
म्हणजे निम्मी निवड विजेनंच केलेली.

उरलेली निम्मी टेपनं.
आदल्या रात्री सारिकाची शिलाईची टेप घेऊन
मी कॅबिनेटच्या पोटात हात घातला होता. साडेदहा इंच.
"कुणाचं माप घ्यायलात?"
"येणाऱ्याचं," मी म्हणालो.
ती हसली.
मग टेप गुंडाळत बसली, बराच वेळ,
बोटाभोवती, सोडून पुन्हा बोटाभोवती.
लग्नाला सात वर्षं झालीत.
मला दुसरा शब्द सुचायला हवा होता.

सहाशे रुपये उधार ठेवले.
मुजीबभाईंनी वहीत नाव लिहिलं, समोर फक्त "कार्ड".

तसाच रात्रपाळीला गेलो.
दोनच्या सुमाराला एकही ट्रक नव्हता,
काट्याच्या लोखंडी पाटावर मधोमध डबा ठेवला
आणि केबिनमध्ये येऊन आकडा पाहिला.
शून्य.
साठ टनांचा काटा, वीस किलोच्या खालचं
त्याला काही दिसत नाही.
अकरा महिने, आणि शून्य.
वॉचमन दगडू म्हणाला, "रिकामा हाय का डबा?"

रविवारी बसवलं. साडेनऊ इंच, इंचभर मोकळं राहिलं.
खेळ सुरू झाला: एक डोंगर, खाली गाव, गावाकडेनं नदी.
सगळं "उच्च" वर केलं तर घोडा अडखळत चालायला लागला,
पंखे ओरडायला लागले.
मी एकेक खाली आणू लागलो,
सावल्या मध्यम, गवत मध्यम,
लांबची झाडं कमी, कोण जातंय तिथं.

सारिका मागं येऊन उभी राहिली, हाताला कणीक.
नळ नवव्या दिवशी येतो, तो सातवा दिवस होता.
"हे काय?"
पाण्याचं सेटिंग, मी म्हणालो, मध्यम करतो.
"पाणी नका कमी करू," ती म्हणाली.
"दुसरं काय करायचं ते करा."

मग आभाळ कमी केलं.